मारामारी करणाऱ्या मुलाला बॉक्सिंग क्लबात घालावं का?

पायथ्याच्या_बाई

नमस्कार. मी महापालिकेच्या शाळेत आठवीचा वर्ग घेते, शाळा पर्वतीच्या पायथ्याशी. वर्गातली बरीच मुलं जनता वसाहतीतून आणि दांडेकर पुलाकडून येतात. त्यातल्या एकाबद्दल विचारायचं आहे. खरं नाव नको, गोट्या म्हणू.

गोट्याला तेरावं पूर्ण झालं. आई सहकारनगरला चार घरची धुणीभांडी करते, वडील असून नसल्यासारखे. फेब्रुवारीत मधल्या सुट्टीत त्याने एका मुलाचा पुढचा दात पाडला. कारण विचारलं तर म्हणाला, "आईवरून बोलला." आता ते दोघं एकाच बाकावर बसतात, ती गोष्ट वेगळी, पण शाळेच्या लेखी हा मुलगा 'तो दात पाडणारा' झाला तो झालाच.

जूनपासून तो वस्तीजवळच्या समाजमंदिरात चालणाऱ्या बॉक्सिंग क्लबात जातोय. घरी न सांगता. आईला दप्तरात हाताला गुंडाळायच्या, घामाने कडक झालेल्या पट्ट्या सापडल्या. तिला वाटलं पोराला कुठेतरी लागलंय आणि लपवतोय. परवा शाळेत आली आणि म्हणाली, "बाई, मारामारी सुटावी म्हणून मारामारीच्याच क्लासला घालू का?" मला उत्तर देता आलं नाही.

डोक्याला मार बसून कायमचं काही होतं का? क्लब चांगला की पोरं जमवायचा अड्डा, हे बाहेरच्या माणसाने ओळखायचं कसं? खर्च किती येतो? पुढे याचं काही होतं का? मला बॉक्सिंगमधलं मेरी कोमच्या पलीकडे काही कळत नाही, तेव्हा सोपं करून सांगा.

सदाशिव_निवृत्त

बाई, पुण्यात तालमी काय ओस पडल्यात का? शुक्रवारात चिंचेची तालीम आहे, अजून चार आहेत. कुस्तीत पोरगं मातीत पडतं, उठतं, झटकतं. एकमेकांच्या थोबाडात मारायचं आणि त्याला खेळ म्हणायचं, हे आमच्या पिढीला झेपत नाही. शिवाय वस्तीतले हे क्लब म्हणजे निवडणुकीला पोरं पुरवायचे कारखाने. स्पष्ट लिहिलं, राग नसावा.

साउथपॉ_५४

काका, राग नाही. निवडणुकीचं तुम्ही बोललात ते सगळंच खोटं नाही, त्यावर खाली येतो.

बाई, मी रिक्षा चालवतो. सकाळी सहा ते दुपारी चार रिक्षा, संध्याकाळी साडेपाच ते आठ क्लब. ताडीवाला रोडला, स्टेशनच्या मागे, एका समाजमंदिरात. हे एकोणीस वर्षं चाललंय. त्याआधी मी स्वतः ५४ किलोत खेळायचो, डावखुरा, म्हणून हे नाव. आम्हाला शिकवणारे फौजेतून रिटायर झालेले हवालदार होते. १९८८ ला पुण्याचे मनोज पिंगळे सोल ऑलिंपिकला गेले, तेव्हा त्यांनी पेपरातलं कात्रण भिंतीला चिकटवलं होतं. मी तेव्हा तेरा वर्षांचा, म्हणजे तुमच्या गोट्याएवढाच. ते कात्रण बघायला जायचो आधी, बॉक्सिंग नंतर लागलं.

आधी तालमीचं. मला कुस्तीबद्दल आदर आहे, माझा चुलतभाऊ पैलवान होता. पण कुस्तीला खुराक लागतो. दूध, तूप, बदाम, थंडाई. धुणीभांडी करणारी बाई हे कुठून आणणार? बॉक्सिंगमध्ये ४४ किलोचा पोरगा ४४ किलोच्याच पोराशी खेळतो, त्याला अंगावर मांस चढवत बसायची घाई नसते. वस्तीत हा खेळ टिकला त्यामागे हे मोठं कारण आहे, बाकी लोक काही म्हणोत.

आता त्या माउलीचा प्रश्न. मारामारीच्या क्लासला घालू का? आमच्याकडे नवीन पोराला तीन महिने कुणाला हात लावायला मिळत नाही. पहिले पंधरा दिवस नुसतं उभं राहणं. डावा पाय पुढे, उजवी टाच उचललेली, हनुवटी खाली, मुठी गालाशी. मग चालणं. मग दोरीच्या उड्या. मग आरशासमोर शॅडो, म्हणजे समोर कोणी नसताना खेळायचं. आमच्याकडे आरसा सलूनवाल्याने दुकान बदलताना दिलेला आहे, वर अजून 'कटिंग दाढी' लिहिलंय. त्यानंतर बॅग, म्हणजे ठोसे मारायची टांगलेली पिशवी. मारकुट्या पोरांना हे सगळ्यात जड जातं. दहातली चार पोरं पहिल्या महिन्यात सुटतात, त्यात गल्लीतले दादा जास्त. जूनपासून गोट्या टिकलाय, घरी न सांगता टिकलाय, याचा अर्थ त्याला मारामारीपेक्षा वेगळं काहीतरी तिथे सापडलंय.

आणि रागाचं म्हणाल तर रिंगमध्ये राग फार महाग पडतो. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांचा राउंड दोन मिनिटांचा. ऐकायला काही नाही. रागाने हात फिरवणारा पोरगा पहिल्या चाळीस सेकंदात दमतो, मग हात खाली येतात, मग समोरचा शांतपणे जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारत बसतो. दोन-तीनदा असं झालं की पोरगं स्वतःच विचारायला येतं, "सर, दम कसा पुरवायचा?" त्या दिवसापासून तो बॉक्सर. मी रागाबद्दल एक शब्द भाषण देत नाही.

क्लब ओळखायचा कसा? बाई, बोर्ड बघू नका, भिंतीवरचे कप बघू नका. तीन संध्याकाळी जाऊन दारात उभ्या राहा आणि एवढंच बघा, की सराव-लढतीला, आम्ही स्पारिंग म्हणतो, कुणाला कुणासमोर उभं करतात. वजन सारखं आहे का, वय सारखं आहे का, आणि मुख्य म्हणजे अनुभव सारखा आहे का. जुन्या पोराला नवीन पोरासमोर घातलं असेल तर जुन्याला काही बंधन घातलंय का, म्हणजे फक्त डावा हात वापर, फक्त अंगावर मार, फक्त बचाव कर. आणि कोच त्या वेळी कुठे बघतोय? मोबाइलमध्ये बघत असेल तर त्याच पावली परत या.

हे मी अक्कल शिकवायला सांगत नाही, माझी चूक झालीय म्हणून सांगतोय. आठ-नऊ वर्षांपूर्वी आमच्याकडे एक पोरगा यायचा, आठवीतलाच, फार चपळ. वडील हमाल. स्पर्धा आठ दिवसांवर होती आणि त्याच्या वजनाचा दुसरा कोणी नव्हता, म्हणून मी त्याला सात किलो जास्त वजनाच्या, दोन वर्षं खेळलेल्या पोरासमोर उभं केलं. म्हटलं, सराव तर होईल. दुसऱ्या राउंडला उजवा हुक, म्हणजे बाजूने येणारा ठोसा, कानाजवळ बसला. पोरगा पडला नाही, उभाच राहिला, पण कोपरा विसरला. माझ्याकडे यायच्या ऐवजी भिंतीकडे चालत गेला. मी त्याला तिथेच थांबवलं, ससूनला नेलं, तपासणीत काही निघालं नाही, सगळं ठीक झालं. पण तो पुन्हा आला नाही. मी दोनदा घरी गेलो. वडिलांनी चहा दिला, पोरगा आतल्या खोलीतून बाहेर आला नाही. तेव्हापासून आमच्या भिंतीवर वजनाचा तक्ता आहे, दर सोमवारी काटा, आणि दोन किलोपेक्षा जास्त फरक असेल तर स्पारिंग नाही. स्पर्धा असो नाहीतर कोणी मंत्री बघायला येवो.

डोक्याचं आता सरळच सांगतो. धोका आहे. जो कोच म्हणेल हेडगार्ड, म्हणजे डोक्याला घालायचा जाड टोप, घातलं की काही होत नाही, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. हेडगार्डने भुवई फुटत नाही, कान सुजत नाही. मेंदूला आतून बसणारा हादरा त्याने थांबतोच असं नाही. मोठ्या पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून तर २०१३ ला हेडगार्ड काढूनच टाकलं. पोरांना आणि बायकांना ते लागतंच, आणि लागलंच पाहिजे. हौशी बॉक्सिंगमध्ये जोराचा मार बसला की रेफ्री लढत थांबवून आठ आकडे मोजतो, रिंगशेजारी डॉक्टर असतो, डोक्याला मार बसून लढत थांबवली तर कमीत कमी तीस दिवस त्या पोराला हात चालवायला बंदी. तो नियम स्पर्धेचा. चांगला क्लब तोच नियम स्पारिंगलाही लावतो. तुम्ही कोचला एवढंच विचारा, "पोराला चक्कर आली तर तुम्ही काय करता?" उत्तरात "पाणी मारतो" आलं तर समजून घ्या.

खर्च. आमच्याकडे महिना पन्नास रुपये. ज्याला जमत नाही त्याने शनिवारी सतरंज्या झटकायच्या आणि ग्लोव्ह्ज उन्हात ठेवायचे. फुकट ठेवलं नाही, कारण फुकटच्या जागेला लोक आपलं मानत नाहीत. पट्ट्या आणि दात सांभाळणारी गमशील्ड ज्याची त्याची, बाकी सगळं क्लबाचं. ग्लोव्ह्ज, पॅड मेरठ-जालंधरचे, जुने, शिवलेले. हां, गमशील्ड मित्राची वापरायची नाही. हसू नका, पोरं वापरतात.

आमचा सगळ्यात मोठा खर्च मात्र अंड्यांचा. हे कळायला मला दोन वर्षं लागली. पोरं दोरी मारताना बसकण मारायची, मी ओरडायचो, आळशी म्हणायचो. एकदा एकाला विचारलं, "दुपारी काय खाल्लं?" म्हणाला, "शाळेतली खिचडी." आणि त्यानंतर? "चहा-खारी." म्हणजे दीडला खिचडी आणि साडेसहाला मी त्याला तीन राउंड बॅग मारायला लावतोय. त्या दिवसापासून सराव सुरू व्हायच्या आधी एक केळं आणि संपल्यावर दोन उकडलेली अंडी. जे अंडं खात नाहीत त्यांना शेंगदाणे-गूळ. आठवड्याला अंड्यांचे बरेच ट्रे जातात. मार्केट यार्डातला एक व्यापारी केळी देतो, नाव लावू नको म्हणतो.

यावरून काकांचा मुद्दा. हो, येतात लोक. दहीहंडीच्या आधी येतात, पोरं तयारच आहेत म्हणून. निवडणुकीच्या आधी येतात. एकाने नवीन रिंग देऊ केली होती, पूर्ण मापाची, अट एवढीच की चारी कोपऱ्यांच्या पॅडवर त्याचा फोटो. पोरगं कोपऱ्यात स्टुलावर बसणार आणि मागे ह्यांचे हात जोडलेले. नको म्हटलं. आम्ही अजून फरशीवर गाद्या टाकून चार दोऱ्या बांधतो. रिंगशिवाय चालतं, बाई. तुमच्या तिथल्या क्लबात बॅनर किती आहेत ते मोजा, ती पण एक खूण आहे.

पुढे काय होतं? शाळेच्या स्पर्धा असतात, चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या, जिल्हा, विभाग, राज्य अशा. तिथवर पोचलं तर दहावी-बारावीला क्रीडागुण आहेत, त्याचे निकष क्रीडा कार्यालयात विचारून घ्या. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्याला वरच्या पातळीचं पदक लागतं. आर्मीच्या बॉइज स्पोर्ट्स कंपन्या आठ ते चौदा वर्षांची मुलं चाचणी घेऊन नेतात, राहणं, जेवण, शाळा सगळं त्यांचं. गोट्या तेराचा आहे म्हणजे वेळ थोडाच राहिलाय, मन असेल तर आत्ताच चौकशी करा. पण आईला नोकरीचं आमिष दाखवून पाठवू नका. एकोणीस वर्षांत माझ्या हाताखालून दोनशेच्या वर पोरं गेली असतील, राज्याचं पदक एकाचं. पोलीस भरतीत सहा लागली, त्यात दोन मुली, कारण सोळाशे आणि आठशे मीटरच्या धावण्याला आमची पोरं घाबरत नाहीत. बाकीचे कोणी वायरमन, कोणी डिलिव्हरी, एक जण आत आहे. येरवड्याला. त्याला भेटायला जातो मी दिवाळीत.

अप्परची_आई

मी बिबवेवाडीत अप्परला राहते. माझी मुलगी तीन वर्षं बॉक्सिंगला जाते, आता अकरावी. दादांनी लिहिलं त्यात मुलींचं राहून गेलं म्हणून लिहिते. पहिल्यांदा मी बघितलं ते संडास आणि कपडे बदलायची जागा. नव्हतीच. मग आम्ही तीन आयांनी मिळून एक कोपरा पडदा लावून घेतला आणि पाळीपाळीने तिथे बसायला लागलो. मुलींच्या वेळेला एक बाई हजर पाहिजेच, कोच देवमाणूस असला तरी.

शेजारची म्हणायची, नाक मोडलं तर लग्न कसं होणार. नाक आहे तसंच आहे. गॅलरीत तिच्या पट्ट्या वाळत घातल्या की लांबून बाळाच्या लंगोटांसारख्या दिसतात, एका मावशीने अभिनंदन केलं होतं मला!

तुमच्या गोट्याच्या आईला सांगा, एकदा जाऊन बघ. माझी मुलगी रिंगमध्ये असताना मला बघवत नाही, मी पायऱ्यांवर बसते. पण जाते.

डॉ_गल्लीतले

साउथपॉ यांनी बरंचसं नीट लिहिलं आहे. डॉक्टर म्हणून थोडी भर.

मार बसल्यानंतर पहिले चोवीस तास महत्त्वाचे. वाढत जाणारी डोकेदुखी, उलटी, तेच तेच विचारणं, जास्त झोप, तोल जाणं, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसणं, यांपैकी काहीही दिसलं तर वाट न बघता हॉस्पिटल. शुद्ध हरपली नाही म्हणजे काही झालं नाही, असं नसतं. त्या रात्री मुलाला एकटं सोडू नये. पहिला हादरा बरा व्हायच्या आत दुसरा बसणं हे लहान मुलांत फार घातक ठरू शकतं, म्हणून ते तीस दिवस 'कमीत कमी' समजायचे, पुढची परवानगी डॉक्टरची.

दुसरं, वजन तोडणं, म्हणजे खालच्या वजनगटात बसायला घाईने वजन उतरवणं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी पाणी बंद, अंगावर प्लॅस्टिक घालून धावणं, असले प्रकार वाढत्या वयाच्या मुलांना करायला लावणारा कोच दिसला तर मुलाला घरी आणा. वरच्या वजनगटात खेळू दे, हरू दे.

पायथ्याच्या_बाई

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितेय, कारण खरंच तीन संध्याकाळी जाऊन उभी राहिले. पहिल्या दिवशी कोचना वाटलं मी महापालिकेकडून जागा खाली करायला आलेय. लगेच भाडेपावती काढून दाखवली.

वय असेल तिशीचं, कुठल्याशा कंपनीत सिक्युरिटीला आहेत. बॅनर एक, तोही मागच्या गणपतीचा, उलटा करून बॅगच्या मागे भिंतीला लावलेला, पोपडे पडू नयेत म्हणून. मोबाइल खिशात होता. दुसऱ्या दिवशी गोट्याला एका बारीक मुलासमोर उभं केलं. मला वाटलं आता हा त्याला झोडपणार. कोच म्हणाले, "तू फक्त चुकवायचं. हात उचललास तर उद्या झाडू." दीड-दोन मिनिटं तो नुसता डोकं हलवत, पाय सरकवत फिरत होता आणि तो बारका त्याला मारायचा प्रयत्न करत होता. माझ्या वर्गात हा मुलगा बाकावर पाच मिनिटं शांत बसत नाही.

चक्करचा प्रश्न विचारला. म्हणाले, "बसवतो, आईला बोलावतो, महिनाभर बॅग सुद्धा नाही." पण अंडी-केळी काही नाहीत तिथे. ते मी आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकलंय, बघू. तिघींनी होकार दिलाय, चौथीने नुसता अंगठा दाखवलाय.

आई तिसऱ्या दिवशी कामावरून परस्पर आली. दारातच उभी राहिली, आत आली नाही. गोट्याने तिला बघितलं आणि दोरी चुकला.

एक अडचण मात्र निघाली. शाळेच्या स्पर्धेला नाव द्यायचं तर जन्मदाखला लागतो, आणि त्याचा जन्म नोंदलेलाच नाही. गावाला घरी झाला म्हणे. शाळेत आईने सांगितलेली तारीख आहे, एक जून. माझ्या वर्गातले निम्मे एक जूनचे आहेत.

साउथपॉ_५४

एक जूनवाले आमच्याकडेही ढीगभर आहेत, क्लबात वाढदिवसाला एकच केक लागतो.

दाखल्याचं काम आधी हातात घ्या, ते सगळ्यात लांबतं. वर्ष उलटून गेल्यावर जन्माची नोंद करायची तर नुसत्या अर्जावर होत नाही, दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. जन्म गावाला झाला असेल तर नोंद त्याच गावाकडे होणार, पुण्यात नाही. आधी त्या ग्रामपंचायतीकडून नोंद नसल्याचा दाखला घ्या, मग सोबत शाळेत पहिल्यांदा नाव घातलं तेव्हाचा उतारा, लसीचं कार्ड असेल तर ते, आईचं प्रतिज्ञापत्र. एजंट वय एक वर्षाने कमी करून देतो म्हणेल, तसं अजिबात करू नका. वयात पकडलं गेलं की पोराचं खेळणंच बंद होतं, आणि एजंटला काही होत नाही.

अंड्यांसाठी त्या चौथ्या बाईंना फोन करा, अंगठा म्हणजे होकार नसतो.

आणि आईला सांगा, पट्ट्या घ्यायच्या तर साडेचार मीटरच्या घे, अडीचवाल्या मनगटालाच संपतात. दोन जोड घ्या. पावसाळ्यात एक वाळतच नाही.